शेड क्रमांक अठरा, मिरजोळे

होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या इथे जोडतात.
सुई नाही, दोरा नाही.
वरून पितळी पट्टी उतरते, चार सेकंद थांबते,
दोन कडांची एक कड होते,
आणि आगोट उलटून गेली तरी
थेंब आत येत नाही.

मी मीटर घेऊन गेले तेव्हा इक्बाल सोलकर म्हणाले,
"मॅडम, वास नाही, धूर नाही, आवाजही फारसा नाही.
मग तुम्ही मोजता काय?"
मला चटकन उत्तर सुचलं नाही.

प्रमिला शिवलकर नऊ वर्षं या पॅडलवर पाय ठेवून आहे.
तिने न बोलता कोपऱ्यातली
दिवाळीत गेलेली ट्यूब उचलली,
ना वायर, ना होल्डर, नुसती हातात धरली
आणि पोराला म्हणाली, दाब.

ट्यूब पेटली.
काळोख्या रात्री वल्ह्याखाली पाणी पेटतं
तशी, निळसर.
एक पाऊल मागे: पेटली.
दुसऱ्याला अर्धीच.
तिसऱ्याला काच नुसती काच.

"आमी गंमत बगतो कदीमदी," ती म्हणाली.
"बांगडी कोमट होते ती येगळी."
सोलकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

ट्यूब विझली तिथे तिने खडूने रेघ मारली.
मी म्हटलं, अजून मागे.
तिथे माझा काटा विझलेला नाही.
"अजून म्हंजे किती?"
मी विचारलं, घर बांधताना भरतीची खूण कुठे धरता?
"वाळू ओली तितं न्हाय. म्हाताऱ्यानी बगितलेलं उधाण,
त्याच्या वर चार हात."
तेच, म्हटलं. तेच.
(माझे चार हात कुठल्या तरी लांबच्या टेबलावर ठरलेत.
सहा मिनिटांत अंग किती तापतं, ते तिथे नीट मांडलंय.
नऊ वर्षांचं विचारलं
की कागद अजून घसा खाकरतो.)

पिशवीत बत्तीस पानांचा फॉर्म होता.
रडार किती, भट्ट्या किती, सल्लागाराचा शिक्का,
वर्षातून दोनदा.
समोर अकरा माणसं, एक मशीन, पतपेढीचं कर्ज,
आणि होड्या वर ओढायच्या आत द्यायच्या सत्तर ताडपत्र्या.
फॉर्म तसाच ठेवून आले असते
तर सोलकरांनी तो कुणाकडून तरी भरून घेतला असता
शिक्क्यासकट,
आणि प्रमिलाचं स्टूल जागचं हललं नसतं.

म्हणून एक पान ठेवलं. बाकीची दुमडली.
पानावर लिहिलं:
पट्टीभोवती पत्र्याचं कुंपण, अर्थिंग नीट.
पॅडलची वायर लांब. स्टूल रेघेबाहेर.
हार्डवेअरवाल्याने फोनवर तेवीसशे चाळीस सांगितले.
सोलकरांनी घासाघीस करून बाविसशे केले,
मला चहा मागवला.
मी जरा खूशच होते स्वतःवर.

तेवढ्यात खांद्यावर रोल घेऊन गंगाराम कळंबटे आला
आणि रेघेपाशी थांबला.
"ही रेग माज्यासाटी पन हाय काय?"
म्हणजे?
त्याने शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं.
"हितं डबी बसवलीय. कोल्हापुरात. दोन वर्सां झाली."

कुणी विचारलं नव्हतं.
सोलकरांनी नाही, प्रमिलाने नाही.
फॉर्मने विचारलं असतं.
पान सत्तावीस, खालून तिसरी ओळ,
शरीरात बसवलेली उपकरणं, असल्यास.
मीच दुमडलेलं.

दाराजवळ दुसरी रेघ मारली, विटेच्या तुकड्याने,
कारण खडू संपला होता.
रोल इथेच उतरवायचे, पुढचं पोरं नेतील.
गंगाराम म्हणाला, मग मी पुडं करू काय?
सोलकर म्हणाले, मोजणी कर, बिलं बघ.
म्हणाले खरे. पगाराचं काही बोलले नाहीत,
आणि माझ्या मीटरमध्ये ते येत नाही.

चहा गार झाला होता.
सत्तावीसवं पान काढून पहिल्याच्या मागे लावलं,
घडी नखाने सरळ केली.
पुरती गेली नाही.